आग्र्याला दोन रात्री दे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

स्वतःच्या कमाईतून आई-बाबांना आग्रा-दिल्ली-जयपूर दाखवायचं ठरवलंस, वाचून फार बरं वाटलं. तू पाठवलेला तक्ता नीट पाहिला. दिल्ली चार दिवस, जयपूर तीन आणि आग्रा दिल्लीहून सकाळी जाऊन रात्री परत. बाकी सगळं ठीक आहे, पण हे आग्र्याचं मला पटलं नाही.

कुठल्या शहरात किती दिवस राहायचं हे ठरवताना मी सकाळी मोजतो. ज्या दिवशी सामान बांधून गाडी पकडायची असते, तो दिवस कागदावर पूर्ण दिसला तरी हातात दोन-तीन तासच येतात. त्यात आईचे गुडघे दुखतात. दुपारी बारानंतर त्या दोघांना फिरवायचा हट्ट धरू नकोस. म्हणजे तुझ्याकडे खऱ्या अर्थाने असतात त्या सकाळीच, आणि तुझ्या तक्त्यात आग्र्याला एकही सकाळ नाही. दिल्लीहून निघून पोहोचेपर्यंत ऊन चढतं आणि रांग दरवाजाबाहेर गेलेली असते.

ताज सूर्योदयाच्या अर्धा तास आधी उघडतो. त्या वेळी आत असशील तर संगमरवराचा राखाडी रंग हळूहळू पांढरा होताना दिसेल. भिंतीतल्या फुलांच्या नक्षीपाशी बाबांना जरा थांबव. पाकळ्या रंगवलेल्या नाहीत, दगडात दगड कोरून बसवला आहे. लाल अकीकावर कोवळं ऊन पडलं की तो आतून पेटल्यासारखा दिसतो.

मग किल्ला. तिथल्या मुसम्मन बुरुजावरून यमुनेच्या वळणावर ताज दिसतो. शहाजहान कैदेत होता तो इथेच, आणि जानेवारी 1666 मध्ये गेला तोही इथेच. त्याच वर्षी मे महिन्यात शिवाजी महाराज याच किल्ल्यात औरंगजेबाच्या दरबारात उभे राहिले, सोबत लहानगे संभाजीराजे होते. किल्ल्यासमोर महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. बाबांना हे सगळं ठाऊक आहे. त्यांना तिथे बोलू दे, घाई करू नकोस.

आता वारांचं बघ. ताज शुक्रवारी बंद असतो. दिल्लीचा लाल किल्ला आणि राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी बंद. दहा-बारा वर्षांपूर्वी आम्हाला सहलवाल्यांनी नेमकं शुक्रवारी आग्र्याला नेलं. तुझ्या काकूने नदीपलीकडच्या मेहताब बागेतून ताज पाहिला आणि त्याच संध्याकाळी आम्ही परत निघालो. तिला तो जवळून पाहायचा राहिला तो राहिलाच. म्हणून इतकं कळकळीने लिहितो आहे.

नाशिकहून पंजाब मेल घ्या. ती दिल्लीच्या आधी आग्र्याला थांबते, मग आधी दिल्ली गाठून मागे येण्याचा खटाटोप कशाला? शुक्रवारी रात्री बसलात की शनिवारी रात्री आग्र्यात मुक्काम. रविवारी पहाटे ताज (गर्दी असेल, म्हणून पहाटच), नंतर किल्ला. सोमवारी सकाळी फतेहपूर सिक्री, संध्याकाळी दिल्ली. तिथे तीन रात्री पुरतात: एक सकाळ लाल किल्ला आणि चांदणी चौकाला, एक कुतुबमिनारला, एक हुमायूनच्या कबरीला. ताज पाहून आल्यावर ही कबर पाहा, ताजच्या घडणीची सुरुवात कुठे झाली ते डोळ्यांना कळतं. गुरुवारी दुपारी निघून जयपूर गाठा, दोन रात्री राहा. शनिवारी तिथून मुंबईची थेट गाडी मिळते.

दिवाळीनंतर लगेच जा. डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे गाड्या तासन्‌तास रखडतात आणि पहाटेचा ताज दिसतही नाही.

जयपुरात हवामहल बाहेरून बघितला तरी चालेल. आमेरच्या किल्ल्याचा चढ आईला झेपणार नाही, जीप करा. वाचलेला वेळ जंतरमंतरला द्या. आग्र्यात महाराजांची जबाबदारी ज्या रामसिंहावर होती, त्याच्याच पणतूने, सवाई जयसिंहाने, 1727 मध्ये जयपूर वसवलं आणि ही वेधशाळाही उभारली. तिथलं सम्राट यंत्र, म्हणजे सावलीवरून वेळ दाखवणारं घड्याळ, 27 मीटर उंच आहे. त्याची सावली मिनिटाला साधारण चार बोटं सरकते. ऊन असलेल्या सकाळी आई-बाबांना तिथे कडेला बसव आणि सावलीच्या टोकाशी बोट ठेवायला सांग.

तिकिटं काढलीस की कळव.

तुझा,
काका