राग आवरण्यावर एखादं चांगलं जुनं कार्टून आहे का? नऊ वर्षांच्या मुलाला दाखवायचं आहे.

आहे की. डिस्नेचं 'क्युअर्ड डक'. 1945 सालचं, दिग्दर्शक जॅक किंग, जेमतेम सातेक मिनिटांचं. मी स्वतः तापट माणूस आहे, त्यामुळे हे कार्टून मी मुलांसाठी म्हणून कधीच पाहिलेलं नाही. स्वतःसाठीच बघतो.

डोनाल्ड नावाचा बदक त्याच्या मैत्रिणीकडे, डेझीकडे येतो. ती म्हणते, जरा ती खिडकी उघड. खिडकी उघडत नाही. (अमेरिकेतल्या जुन्या घरांतली खिडकी आपल्यासारखी दोन दारांची नसते, खालचा भाग वर सरकवायचा असतो. हे मुलाला आधी सांगून ठेवा, नाहीतर सगळा वेळ तो हेच विचारत बसेल.) डोनाल्ड ओढतो, रेटतो, आणि मग त्याचं डोकं जे सटकतं, ते सगळी बैठकीची खोली उद्ध्वस्त होईपर्यंत थांबत नाही. डेझी येते, खिटी काढते, खिडकी उघडते. बस्स.

इथे मी दर वेळी ओशाळतो. गावच्या घराचं आमचं मागचं दार पावसाळ्यात फुगतं. एका आषाढात ते उघडेना म्हणून मी त्याला इतक्या लाथा घातल्या की खालची फळी निखळली. आई चुलीपासून न उठता म्हणाली, "अरे, वरची कडी काढ की आधी." दार त्या दिवशी फुगलेलं नव्हतंच. राग आला की मला कडी दिसत नाही, आणि या कार्टूनवाल्यांना हे नेमकं ठाऊक होतं, म्हणून त्यांनी भांडणासाठी खलनायक न आणता एक बंद खिडकी आणली.

डोनाल्डचा राग बघायलाही शिका. एका पायावर उड्या, एक मूठ समोर ताणलेली, दुसरा हात गरगर फिरतोय: ही ढब 1934 च्या 'ऑर्फन्स बेनिफिट'मध्ये डिक लंडी या अ‍ॅनिमेटरने बसवली. त्यात डोनाल्ड रंगमंचावर कविता म्हणायला येतो आणि समोरची पोरं त्याला पुरती करू देत नाहीत. आवाज क्लॅरेन्स नॅशचा. तो मुळात करडाच्या आवाजात कविता म्हणायचा, त्यातूनच पुढे हा बदक निघाला. म्हणून डोनाल्ड चिडला की शब्द संपतात आणि नुसतं फेफरं उरतं. आपणही चिडलो की काय वेगळं बोलतो?

असो. डेझी बजावते, राग आवरायला शीक, तोवर इकडे फिरकू नकोस. मग जाहिरात वाचून डोनाल्ड टपालाने एक यंत्र मागवतो. ते त्याला हिणवतं, टोमणे मारतं, यांत्रिक हातांनी छळतं, आणि दहा मिनिटं तो चिडला नाही तर बरा झाला. तो दात-ओठ खात का होईना, टिकतो. मला हा इलाज पटत नाही. परीक्षा चालू आहे हे माहीत असलं की कोणीही गप्प बसेल. ऑफिसात साहेबांसमोर मी रोज बसतो. घरी बायको "दूध उतू गेलं" एवढंच म्हणते आणि तिथे माझी दहा मिनिटं संपतात.

शेवट मात्र अफलातून आहे. बरा झालेला डोनाल्ड डेझीकडे परत जातो, ती नवी टोपी घालून येते, टोपी विचित्र असते, आणि त्याला हसू आवरत नाही. मग डेझी जी भडकते! रागावर औषध मिळालं, हसण्यावर कुठलं मिळणार? मुलाला इथे समजावत बसू नका, नुसतं हसू द्या. थांबवायचंच असेल तर खिडकीपाशी थांबवा आणि विचारा, ही उघडत का नसेल.

त्याला आवडलं तर जॅक किंगचंच 1938 चं 'सेल्फ कंट्रोल' लावा. त्यात डोनाल्ड झोळीत पडून रेडिओवरचा संयमाचा उपदेश ऐकत असतो, आणि बागेतले कीटक-पक्षी त्याची परीक्षा घेतात. मला ते थोडं कमी आवडतं, त्यात सगळा दोष बाहेरच्यांचाच दिसतो.

आणि घरात गाडी चालवणारं जे कोणी असेल, त्याच्यासाठी 1950 चं 'मोटर मेनिया' आहे. डिस्नेच्याच गूफी या कुत्र्याने साकारलेला मुंगीलाही न दुखवणारा मिस्टर वॉकर गाडीत बसला रे बसला की मिस्टर व्हीलर नावाचा राक्षस होतो. ते मुलगा झोपल्यावर लावा. मध्येच बाबांकडे वळून बघायला तो नको.