त्रेचाळिसाव्या वर्षी ऑस्ट्रेलिया: वयाचा अडसर नेमका कुठे?

ताई, ऐरोलीतली सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी गेली, इथल्या जाहिरातींत 'वय 35 पर्यंत' लिहिलेलं असतं, निदान ऑस्ट्रेलियात 43 वय आड येणार नाही ना, असं तुम्ही विचारलंत. येतं; फक्त आधी व्हिसात येतं. मी वाशी सोडून मेलबर्नला आले तेव्हा 41 वर्षांची होते.

189 किंवा 190 हे कुशल कामगारांचे कायम राहण्याचे व्हिसा. त्यासाठी अर्ज करायचं सरकारी इन्व्हिटेशन येईल त्या दिवशी तुम्हाला 45 पूर्ण झालेली नसावीत. तुम्ही नाव नोंदवलंत ती तारीख धरत नाहीत. शिवाय या व्हिसांसाठी गुण मोजतात: 25 ते 32 वयाला 30 गुण, 40 ते 44 ला 15. परदेशातल्या अनुभवाचे जास्तीत जास्त 15, पण त्यासाठी गेल्या दहांपैकी आठ वर्षं भरावी लागतात. घरी बसलेले महिने त्यात येत नाहीत, म्हणून हातात येईल ती टेस्टिंगची नोकरी धरा. पदवीचे 15, इंग्रजीत सर्वांत वरची पातळी गाठली तर 20. झाले 65. किमान अट तेवढीच आहे, पण तेवढ्यावर विसंबू नका. मिस्टरांनाही इंग्रजीच्या परीक्षेला बसवा, त्याचे 5 मिळू शकतात.

नोकरीत मात्र इथे 2004 पासून वयभेदाविरुद्ध कायदा आहे. व्हिसाला त्यातून सूट आहे, हे मला अजून पटत नाही. आपल्याकडे खासगी नोकरीसाठी असा कायदाच नाही. सरकारी नोकरीबद्दलच्या घटनेच्या 16व्या कलमातही धर्म, जात, लिंग आहे, वय नाही. वागळे इस्टेटमधल्या गेटवर 'वय 18 ते 30' असा बोर्ड उघड लागतो, त्याची मला आजही चीड येते.

इथे तसं कोणी लिहीत नाही. मला दोन ठिकाणी 'या कामाच्या मानाने तुमचा अनुभव जास्त आहे' एवढंच कळवलं. एका रिक्रूटरने बोलता बोलता कॉलेज कधी संपलं विचारलं. मी साल सांगितलं, पुन्हा फोन आला नाही. रेझ्युमेत जन्मतारीख, फोटो, लग्न झालंय की नाही, यातलं काहीही घालायची इथे पद्धत नाही. पदवीचं सालही काढा, शेवटच्या दहा वर्षांचं काम सविस्तर लिहा.

आणि व्हिसासाठी आयटीवाल्यांचं शिक्षण आणि अनुभव ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटी तपासते. त्या मूल्यांकनाला कामाचं स्वरूप लिहिलेली कंपन्यांची पत्रं लागतात, आणि अनुभवातली सुरुवातीची काही वर्षं ते वजा करतात. ऐरोलीतल्या तुमच्या मॅनेजरने कंपनी बदलण्याआधी ते पत्र मिळवा.