अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा कॅम्पसला 'पार्टी स्कूल' म्हणतात, म्हणून मुलीचा भौतिकशास्त्राचा प्रवेश सोडावा का?

नाही, तेवढ्यासाठी मुळीच सोडू नका. पार्ट्यांचं नाव खोटं नाही, पण ते मुख्यतः कॅम्पसला लागून असलेल्या आयला व्हिस्टा वस्तीचं, त्यातही समुद्रकड्यावरच्या डेल प्लाया रस्त्याचं. एप्रिलमध्ये डेल्टोपियाला, म्हणजे विद्यार्थ्यांच्या मोठ्या रस्त्यावरच्या पार्टीला, तिथे पाय ठेवायला जागा नसते. त्याच कॅम्पसवर सैद्धांतिक भौतिकशास्त्राची कावली संस्था आहे. हीगर आणि क्रोमर (२०००), ग्रॉस (२००४), निळ्या एलईडीचे नाकामुरा (२०१४) हे सगळे नोबेल मिळालं तेव्हा याच विद्यापीठात प्राध्यापक होते! मी तिथे इंजिनिअरिंगचं एमएस केलं. परीक्षेच्या आठवड्यात ग्रंथालयात खुर्ची मिळवायला सकाळीच जावं लागायचं. फक्त पुढे हॉस्टेल सोडलं तरी डेल प्लायावर खोली नको, झोपेचं खोबरं होतं.