बोअरच्या पाण्यात साबणाला फेस का येत नाही?

प्रश्न : आमच्या इमारतीत महापालिकेचे पाणी कमी पडले की बोअरचे पाणी सोडतात. दिसायला तेही नितळच असते; पण त्यात साबणाला फेस येत नाही, तूरडाळ शिजता शिजत नाही आणि गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो. असे का होते? — एक वाचक, गिरगाव

उत्तर : पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे दोन अणू ऑक्सिजनशी सरळ रेषेत नव्हे, तर १०४.५ अंशांचा कोन करून जोडलेले असतात. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, त्यामुळे रेणूची एक बाजू किंचित ऋण आणि दुसरी किंचित धन प्रभाराची होते, आणि म्हणूनच पाणी इतके क्षार सहज विरघळवते. तानसा, भातसा, वैतरणेचे पाणी हे मुख्यतः पावसाचे, खडकावरून वाहत तलावात साठलेले. त्यात क्षार थोडे. बोअरचे पाणी मात्र जमिनीत मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम बायकार्बोनेटच्या रूपात सोबत घेऊन येते. गिरगावसारख्या किनाऱ्यालगतच्या भागात समुद्राचे पाणी झिरपले, तर त्यात क्लोराइडांचीही भर पडते.

साबण हा मेदाम्लांचा सोडियम क्षार. त्यातील सोडियमची जागा कॅल्शियमने घेतली की न विरघळणारा चिकट साका तयार होतो. बादलीच्या कडेला दिसणारे राखट वर्तुळ ते हेच. पाण्यातले कॅल्शियम असे संपेपर्यंत फेस येत नाही, साबण मात्र झिजत राहतो. डाळीचेही तसेच: कॅल्शियम तिच्या पेक्टिनला, म्हणजे पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणाऱ्या पदार्थाला, घट्ट बांधून ठेवते.

गिझरमध्ये पाणी तापले की बायकार्बोनेटचे विघटन होऊन कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच, कॉइलवर बसते. सुटलेल्या खपलीवर लिंबू पिळून पाहावे, ती फसफसेल. उकळल्याने पाण्याचा हा कठीणपणा, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचे प्रमाण, बराच कमी होतो, पण क्लोराइड आणि सल्फेटमुळे आलेला जात नाही. कपड्यांसाठी त्यावर धुण्याचा सोडा चालतो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम, तर दुसरा स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅम आहे. बोअरचे पाणी कितपत आहे, हे प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. पुष्कळ घरांत अशा पाण्यात तुरटी फिरवतात, पण तिने गाळ खाली बसतो, कॅल्शियम नव्हे. तेव्हा डाळीपुरते तरी नळाचे पाणी भरून ठेवावे.