आजकालच्या एमएमओ गेम्समध्ये मन का रमत नाही? माझंच काही चुकतंय का?

तुमचं काही चुकत नाहीये. तुम्ही लिहिलंय की पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहात, लागोपाठ तीन एमएमओ (हजारो जण एकाच वेळी ऑनलाइन खेळतात असे गेम) धरले, तिन्हींत शेवटच्या लेव्हलपर्यंत पोचलात, पण एकाही खेळाडूशी धड दोन वाक्यं बोलणं झालं नाही आणि शेवटी कंटाळून सोडून दिले. जुने लोक आपापल्या सर्व्हरच्या गोष्टी सांगतात त्या खऱ्या की नुसतं ‘आमच्या वेळी असं होतं’, हेही विचारलंय. मी कॉलेजात असल्यापासून हे गेम खेळतोय आणि आजही खेळतो. विषय जिव्हाळ्याचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

त्या गोष्टी खऱ्या आहेत. तेव्हाच्या गेम्समध्ये पावलोपावली दुसऱ्या खेळाडूवाचून अडायचं. पुढे सोय म्हणून ते अडणं एकेक करून काढून टाकलं गेलं आणि त्याबरोबर एकमेकांशी बोलायचं कारणही गेलं. तुम्हाला जे रिकामं रिकामं वाटतं ते त्यामुळेच, असं माझं ठाम मत आहे.

रॅग्नारॉक ऑनलाइनचं उदाहरण घ्या. भारतात त्याचा स्वतःचा सर्व्हर होता आणि पुण्यातल्या सायबर कॅफेंमध्ये तो खेळणारी पोरं असायची. प्रॉन्टेरा ही त्यातली राजधानी. तिच्या दक्षिण दरवाज्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना मर्चंट हातगाड्या घेऊन बसलेले असायचे, प्रत्येकाच्या डोक्यावर दुकानाची पाटी. हे सगळे खरे खेळाडू. माल विकायचा तर कॅरेक्टर तिथे बसवून कॉम्प्युटर रात्रभर चालू ठेवायला लागायचा. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट गेली की तुमचं दुकानही बंद. एका गावाहून दुसऱ्या गावी जायचं तर काफ्राला (गेममध्येच सेवा देणाऱ्या बाईला) पैसे मोजा, नाहीतर एखादा प्रीस्ट (मंत्र टाकणारा खेळाडू) गाठा. प्रीस्ट वॉर्प पोर्टल, म्हणजे दुसऱ्या गावाचं जादूचं दार, उघडायचा, आणि दर वेळी त्याचा एक ब्लू जेमस्टोन खर्ची पडायचा. म्हणजे अनोळखी माणूस तुमच्यासाठी पदरमोड करत होता. दरवाज्याबाहेर येणारेजाणारे नवख्यांवर ब्लेसिंग टाकायचे, मग तेवढा वेळ आपले फटके जोरात बसायचे. मला असंच ब्लेसिंग देणाऱ्या एका प्रीस्टला मी ‘थँक्स’ म्हटलं, त्यावरून बोलणं सुरू झालं आणि तो कोथरूडचा निघाला. आम्ही आजही संपर्कात आहोत.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट नोव्हेंबर २००४ मध्ये आला. त्यात पहिली काही वर्षं पाच जणांची पार्टी जमवणं हेच एक मोठं काम होतं. शहरात उभं राहून चॅटमध्ये हीलर (जखमा भरणारा) शोधायचा, टँकची (पुढे राहून मार झेलणाऱ्याची) मनधरणी करायची, मग सगळ्यांनी डंजनच्या, म्हणजे राक्षसांनी भरलेल्या गुहेच्या, दारापर्यंत जायचं. पार्टीत वॉरलॉक (मांत्रिक) असला तर तो लांबच्या माणसाला जागेवर बोलावून घ्यायचा, पण त्या मंत्रालाही आणखी दोघांची मदत लागायची. सर्व्हरवर माणसं मोजकी आणि रोज तीच दिसणारी. कुणी लूट (मारलेल्या राक्षसाकडून मिळालेल्या वस्तू) लाटून पळाला तर त्याचं नाव गिल्डागिल्डांत (खेळाडूंच्या कायमच्या गटांत) पसरायचं आणि मग त्याला पार्टीत कुणी घ्यायचं नाही. गल्लीतल्या वाण्याकडे उधारी असलेला माणूस जसा सरळ वागतो, तसे लोक वागायचे, कारण उद्या पुन्हा त्याच दारावरून जायचं असे. आणि चांगल्या हीलरचंही नाव व्हायचं. त्याला लोक शोधत यायचे.

डिसेंबर २००९ मध्ये वॉरक्राफ्टचा ३.३ पॅच (अपडेट) आला आणि त्यात डंजन फाइंडर. बटण दाबलं की वेगवेगळ्या सर्व्हरांवरचे पाच जण एकत्र, थेट डंजनमध्ये, आणि संपलं की परत होतात तिथे. ही सोय खोटी नव्हती. दिवसभर नोकरी करून तासभर खेळणाऱ्या माणसाचा तो तास हीलर शोधण्यातच जायचा, लहान सर्व्हरवर तर पार्टी जमायचीच नाही. खेळाडूंनी ती आनंदाने घेतली, मीही घेतली. पण आता समोरचे चार जण पुन्हा कधी दिसणारच नाहीत म्हटल्यावर त्यांच्याशी बोलायचं कशाला? टँक धावत सुटतो, बाकीचे मागे. कुणी नवखा अडखळला तर त्याला समजावण्यापेक्षा मत टाकून काढणं सोपं. डंजन संपतं, एक शब्द न बोलता सगळे गायब. तुम्ही तीन गेम्समध्ये जे अनुभवलंत ते हेच.

ऑक्टोबर २०१० मध्ये त्या गेमचे वर्गणीदार १ कोटी २० लाखांवर गेले, आणि तो त्याचा कळस ठरला. म्हणजे हा बदल झाल्यावर आकडा वाढतच होता. अशा वेळी कुठल्या कंपनीला वाटणार की आपण काहीतरी गमावतोय? बाकीच्यांनी तोच कित्ता गिरवला.

दुसरी गोष्ट पैशांची, आणि इथे मात्र माझी सहानुभूती संपते. दरमहा वर्गणी घेणाऱ्या गेमचं हित तुम्ही पुढच्या महिन्यातही रमण्यात असतं. पण एप्रिल २०१० मध्ये वॉरक्राफ्टच्याच दुकानात एक चमचमता उडता घोडा २५ डॉलरला विकायला आला, त्या वेळी महिन्याची वर्गणी सुमारे १५ डॉलर होती. २०१४ मध्ये थेट लेव्हल ९० वर नेणारी उडी ६० डॉलरला मिळायला लागली. जो प्रवास हाच गेम होता, तो टाळायचे पैसे! नंतरच्या कित्येक फुकट गेम्समध्ये तर आधी गैरसोय घडवतात आणि मग तिच्यावरचा उतारा विकतात: बॅगेत जागा कमी ठेवायची आणि जागा विकायची, गिअर (शस्त्रं-चिलखतं) अपग्रेड करताना तुटेल अशी भीती ठेवायची आणि ते वाचवणारी वस्तू विकायची. लूट बॉक्सला (आत काय निघेल ते नशिबावर असलेल्या विकतच्या पेटीला) बेल्जियमने २०१८ मध्ये जुगाराच्या कायद्यात बसवलं, ते मला पूर्ण पटतं.

डेली क्वेस्ट, म्हणजे रोज नेमून दिलेलं काम, हा त्याचाच भाऊ. रोज यायला हवं, आठवड्याचं बक्षीस चुकवायचं नाही, सीझन संपायच्या आत पासमधली सगळी बक्षिसं मिळवायची. विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रोडवर आम्ही मित्र मिरवणूक बघत उभे होतो. एक मानाचा गणपती समोरून जात होता, ढोल-ताशाने कान बसले होते, आणि माझा एक मित्र मान खाली घालून मोबाईलवर लॉग-इनचं बक्षीस घेत होता, कारण साखळी तुटली असती. त्याला तो गेम आवडतो का विचारलं तर म्हणाला, ‘आवडत नाही रे, पण इतके दिवस केलंय.’ मला त्याचं फार वाईट वाटलं. खेळ असा नसावा.

पण सगळा दोष कंपन्यांवर टाकणं बरोबर नाही. जुना वॉरक्राफ्ट परत द्या अशी मागणी खेळाडू वर्षानुवर्षं करत होते. २०१३ च्या ब्लिझकॉनमध्ये (वॉरक्राफ्टची कंपनी ब्लिझार्ड भरवते त्या मेळाव्यात) असा प्रश्न आला तेव्हा व्यासपीठावरून उत्तर मिळालं की तुम्हाला ते हवंसं वाटतं, पण खरं तर नकोय. नॉस्टॅल्रियस नावाचा खाजगी सर्व्हर लोक त्यासाठी चालवत होते, तोही एप्रिल २०१६ मध्ये कायद्याच्या धाकाने बंद झाला. शेवटी ऑगस्ट २०१९ मध्ये क्लासिक (जुन्या रूपातला वॉरक्राफ्ट) आला आणि लोक तुटून पडले. पहिले काही आठवडे खरोखर जुनेच दिवस होते, क्वेस्टच्या राक्षसासाठी लोक आपणहून रांगा लावत होते. आणि मग आम्ही खेळाडूंनीच त्याचं गणित करून टाकलं. वर्ल्ड बफ (तात्पुरती वाढीव ताकद) घेऊन लॉग-आउट करून बसायचं, रेडच्या (मोठ्या गटाने करायच्या मोहिमेच्या) वेळेलाच यायचं. कुणाच्या फटक्यांचे आकडे किती त्यावरून माणूस घ्यायचा की नाही ते ठरवायचं. लूट सोन्याच्या बोलीवर विकायची, आणि ते सोनं बाहेरून पैसे देऊन आणायचं. बोलीच्या या रेडवर २०२४ मध्ये सीझन ऑफ डिस्कव्हरीत (क्लासिकच्या एका आवृत्तीत) कंपनीला बंदी घालावी लागली. गेम जुना होता, पण खेळणारे जुने राहिले नव्हते.

आता तुमच्यासाठी कामाचं. पुण्यात बसून खेळताना आपली एक वेगळी अडचण आहे, तिच्यावर फारसं कुणी बोलत नाही. गिल्डशिवाय ओळखी होत नाहीत आणि गिल्ड चालतं घड्याळावर. मध्य युरोपातल्या गिल्डचा रेड तिकडे रात्री आठला सुरू होतो, म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे साडेबारा. सिडनीतले रात्रीचे आठ म्हणजे आपली ऐन दुपार, तुम्ही प्रॅक्टिकलला. जपानमधले रात्रीचे अकरा मात्र आपले संध्याकाळचे साडेसात. तेव्हा गेम कोणता यापेक्षा सर्व्हर कुठला आणि गिल्डची वेळ काय, हे आधी बघा. पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ) थोडा जास्त असला तरी चालतो, पण तुम्ही झोपेत असताना तुमचं गिल्ड रेड करत असेल तर ओळखी होणारच नाहीत.

फायनल फँटसी चौदा करून बघा. हा गेम २०१० मध्ये इतका वाईट निघाला होता की २०१२ मध्ये बंद करून ऑगस्ट २०१३ मध्ये नव्याने बांधून आणला. त्यातही डंजन आपोआप जुळतं, पण पार्टीत पहिल्यांदाच आलेला कुणी असला तर सगळ्यांना जास्तीचं बक्षीस मिळतं, त्यामुळे नवख्याला कुणी हिडीसफिडीस करत नाही. एवढ्याशा नियमाने किती फरक पडतो ते तुम्हीच बघाल. लेव्हल ७० पर्यंतची ट्रायल फुकट आहे आणि तिला मुदत नाही. मात्र ट्रायलमध्ये गिल्डमध्ये जाता येत नाही, हे लक्षात ठेवा.

गिल्ड वॉर्स २ ला महिन्याची वर्गणी नाही आणि २०१२ पासून लेव्हलची मर्यादा ८० च आहे, त्यामुळे परीक्षेसाठी दोन महिने सोडला तरी मागे पडत नाही. पडलेल्याला उठवलं तर तुम्हालाच फायदा, एकाच राक्षसाला दोघांनी मारलं तर लूट दोघांना. ओल्ड स्कूल रूनस्केप फेब्रुवारी २०१३ मध्ये २००७ च्या बॅकअपवरून उभा केला, आणि त्यात मोठा बदल करायचा तर खेळाडूंचं मतदान होतं. आधी ७५ टक्के मतं लागायची, आता ७०. लेव्हल वाढवायला वेळ लागतो, पण तो मोबाईलवरही चालतो.

यांपैकी कुठलाही घेतलात तरी डेलींच्या मागे लागू नका. तो वेळ गिल्डच्या चॅटमध्ये घालवा, आणि लहान गिल्ड धरा. शंभर जणांच्या गिल्डमध्ये तुमचं नाव कुणाला कळणार नाही. शक्य असेल तर हीलर किंवा टँक घ्या. त्यांची आजही टंचाई आहे, लोक स्वतःहून बोलतात.

कॉलेज आणि अभ्यास धरून तुम्ही साधारण किती वाजता मोकळे असता आणि लॅपटॉप कोणता आहे, ते खाली लिहा. त्या वेळेला चालणारी, भारतीय मुलं असलेली एक-दोन गिल्डं मला माहीत आहेत, विचारून सांगतो.