परीक्षा, बढती आणि डायरीचे शेवटचे पान

पत्राचा सारांश: मी छत्तीस वर्षांची असून सांगलीत एका राष्ट्रीयीकृत बँकेत क्लार्क आहे. दर वर्षी १ जानेवारीला डायरीच्या शेवटच्या पानावर संकल्प लिहिते. जेएआयआयबी ही बँक कर्मचाऱ्यांची परीक्षा, ऑफिसरचे प्रमोशन, दहा किलो वजन, नणंदेच्या टोमण्यामुळे आलेले इंग्रजी संभाषण, पुन्हा गाणे अशी यंदा अकरा कलमे झाली. चार वर्षे तीच यादी पुढे सरकते आहे. मुलगा चौथीत आहे. ऑफिसर झाले तर बदली होईल, तो प्रश्न वेगळाच. माझ्यात जिद्दच नाही का?

प्रिय भगिनी,

पत्रासोबत डायरीच्या पानाचे छायाचित्र पाठवलेत, हे बरे केलेत. त्यात जेएआयआयबीच्या खाली दोन रेघा आहेत आणि शेजारचे प्रमोशन तुम्ही त्याच्याशी एका कंसाने जोडले आहे. माझ्या मते तुमचे घोडे त्या कंसापाशीच अडले आहे. ‘तो प्रश्न वेगळाच’ असे म्हणून ज्या बदलीची तुम्ही अर्ध्या वाक्यात बोळवण केलीत, तीच पुस्तक उघडले की डोळ्यांपुढे येते, तिच्यामागून मुलाची शाळा येते, आणि मग काहीतरी काम आठवून तुम्ही उठता. यात जिद्दीचा प्रश्न मला दिसत नाही. एक निर्णय व्हायचा राहिला आहे आणि तोवर पुस्तक जड वाटणारच.

बँकेतल्या माणसाला बँकेचे नियम सांगणे म्हणजे आगाऊपणा आहे, तरी सांगते. जेएआयआयबी उत्तीर्ण झाल्याची वेतनवाढ क्लार्क राहूनही मिळते. बढतीची प्रक्रिया निराळी असते आणि तिच्यासाठी अर्ज करायचा की नाही, हे तुमच्या हातात असते. तेव्हा तो कंस खोडा. प्रमोशनपुढे ‘मुलाची दहावी झाल्यावर’ असे लिहायचे की ‘पुढच्या वर्षी’, हे यजमानांशी एकदा नीट बसून बोला. स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात ओरडून विचारण्यासारखा हा विषय नव्हे.

एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या मानसशास्त्रज्ञांच्या अनेक वर्षांच्या संशोधनातून असे दिसले की ‘जमेल तेवढे करीन’ यापेक्षा नेमके आणि थोडे अवघड ध्येय माणसाकडून अधिक काम करून घेते, परंतु ते ध्येय त्याने मनापासून स्वीकारलेले असावे लागते. परीक्षेचे ध्येय नेमके करणे सोपे आहे. पेपर चार, प्रत्येकी शंभर गुणांचे, उत्तीर्ण होण्यासाठी पन्नास. शिवाय एखादा राहिला तरी सुटलेले पेपर ठरावीक संधींपर्यंत धरले जातात. अवघड आहे ते वेळ काढणे. ‘रोज अभ्यास करीन’ हे वाक्य संध्याकाळी कॅश जुळवून दमून आलेल्या बाईच्या उपयोगाचे नाही. सकाळी मुलाची रिक्षा कोपऱ्यावर वळली की ओट्याकडे न जाता टेबलाशी बसायचे आणि पाऊण तास उठायचे नाही, असे ठरवा. अमुक घडले की तमुक करायचे, अशी आधीच घातलेली सांगड पाळली जाण्याची शक्यता अधिक असते, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी प्रयोगांतून दाखवले आहे. त्यासाठी पोळ्यांना बाई लावावी लागेल. घरात कुणाला ते खटकले, तर येणाऱ्या वेतनवाढीचा हिशेब त्यांच्यापुढे ठेवा.

उरलेल्या कलमांपैकी इंग्रजी संभाषण काढून टाका. ते नणंदबाईंचे ध्येय आहे. दहा किलो वजन उतरणे सर्वस्वी आपल्या हाती नसते, जेवणानंतर अर्धा तास चालणे असते, म्हणून पानावर चालणे लिहा. बाकीची कलमे परीक्षा होईपर्यंत कोऱ्या पानावर उतरवून मिटून ठेवली, तरी काही बिघडणार नाही.

गाणे मात्र यादीत कशाला हवे? त्याला ना तारीख लागते, ना गुण. पोळ्यांची बाई आली की ओट्याशी उभ्या राहून चहा करताना गा.