डिस्क दिसत नाही? आधी केबल बघा, मग लिनक्सला शिव्या द्या

या वेळी आलेल्या प्रश्नांतले निम्मे एकाच वाक्याचे आहेत: ‘लिनक्स टाकायला बसलो, डिस्कच दिसत नाही.’ म्हणून सगळे एकत्रच घेतो.

नव्या लॅपटॉपवर विंडोजशेजारी उबुंटू टाकायचंय. इन्स्टॉलरला एसएसडी दिसत नाही. मित्र म्हणतो, बायोसमध्ये (कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये) डिस्कचा मोड ‘रेड’वरून ‘एएचसीआय’ कर, झालं. करू का? (सिडको)

मित्राचं अर्धं बरोबर आहे. हा ‘रेड’ म्हणजे बहुधा इंटेलचा आरएसटी मोड. त्यात एनव्हीएमई डिस्क (वेगवान एसएसडीचा प्रकार) कंट्रोलरच्या आड लपते, साध्या एएचसीआय मोडमध्ये थेट दिसते. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, तसं स्वच्छ लिहून येतं, पण तो उघडतो कोण! उरलेलं अर्धं असं की नुसता मोड बदललात तर विंडोज निळा पडदा दाखवून बसेल, आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर ४८ आकडी किल्ली मागेल. तेव्हा आधी किल्ली लिहून ठेवा, बॅकअप घ्या. मग विंडोज सेफ मोडमध्ये उघडेल असं करून ठेवा आणि त्यानंतरच बायोसला हात लावा. यातला एकही शब्द नवा वाटत असेल तर जाणकाराला शेजारी बसवा.

फ्रीबीएसडीत ‘एसडीए’ सापडत नाही. डिस्क गेली का? (पंचवटी)

नाही. ‘एसडीए’ हे लिनक्समधलं नाव. फ्रीबीएसडी ही वेगळी सिस्टिम, तिथे साटा डिस्कला (साटा केबलने जोडलेल्या डिस्कला) ‘एडीए’ म्हणतात.

एम.टू एसएसडी बसवली आणि जुनी हार्ड डिस्क गायब झाली. (गंगापूर रोड)

बऱ्याच मदरबोर्डवर एम.टू स्लॉट (बिनकेबलच्या एसएसडीची खाच) भरला की एखादा साटा पोर्ट बंद होतो. कुठला, ते मॅन्युअलमध्ये असतं. केबल दुसऱ्या पोर्टला लावा.

वर्कशॉपच्या मशीनवर डेबियन टाकताना मध्येच अडकतं. तीन पेनड्राइव्ह बदलले, मिंट आणि फेडोराही करून पाहिले. डिस्क सेकंडहँड आहे. दुकानदार म्हणतो, ती ‘लिनक्सला चालत नाही’. (सातपूर)

तीन पेनड्राइव्ह, तीन लिनक्स, आणि केबल एकदाही नाही! ‘लिनक्सला न चालणारी’ साटा डिस्क मी आजवर पाहिलेली नाही. माल खपवायचं वाक्य आहे ते.

अडकलं की लॉग उघडा. लिंक सारखी रीसेट होतेय आणि वेग ६ गिगाबिटवरून ३ वर, मग दीडवर उतरतोय, असं दिसलं तर पहिला संशय केबलवर घ्या. मग डिस्कचा स्मार्ट अहवाल काढा, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद. १९९ क्रमांकाची नोंद (वाटेत बिघडलेल्या डेटाची) वाढत असेल तर बहुधा केबल किंवा कनेक्टर. ५ आणि १९७ (डिस्कवरच्या खराब जागांच्या नोंदी) वाढत असतील तर डिस्कच संपत आलीय. मागच्या पावसाळ्यात अंबडहून असंच एक मशीन आलं होतं. लाल साटा केबल कॅबिनेटच्या पत्र्यात दबून काटकोनात मुडपलेली, क्लिप तुटलेली, आणि शेजारी दिवसभर प्रेसचा धडधडाट. शंभरेक रुपयांची केबल बदलली आणि १९९ चा आकडा जागेवर थांबला. तो शून्यावर परत येत नाही, त्यामुळे जुना आकडा बघून घाबरू नका. वाढतोय का ते बघा.

सेकंडहँड डिस्कचे चाललेले तास पुसून विकण्याचा धंदाही चालतो. लेबलवर २०१६ आणि अहवालात ११ तास, अशी ‘कोरी’ डिस्क माझ्याच टेबलावर आली होती.

आणि हात जोडून सांगतो, पुन्हा पुन्हा फॉरमॅट मारू नका. विहीर कोरडी असताना मोटर चालू ठेवली तर पाणी येत नाही, मोटर जळते. डिस्कमध्ये कामाचं काही असेल तर मशीन आजच बंद करा. आधी दुसऱ्या डिस्कवर पूर्ण प्रत काढायची, दुरुस्ती नंतर. ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणणाऱ्यांचे हिशेब मला परत मिळवता आलेले नाहीत. डिस्क आणि केबल दोन्ही घेऊन जाणकाराकडे जा.

चार डिस्कचा झेडएफएस सर्व्हर करतोय. विक्रेता कॅशवालं महाग रेड कार्ड घ्या म्हणतो. (ओझर)

घेऊ नका. झेडएफएस ही फाइल सिस्टिम अनेक डिस्क स्वतःच एकत्र सांभाळते, म्हणून तिला डिस्क थेट दिसायला हव्यात; रेड कार्ड मध्ये येतं. तिला साधं एचबीए कार्ड (डिस्क फक्त जोडून देणारं) लागतं. एलएसआयचं जुनं कार्ड घेतलंत तर ‘आयटी मोड’ फर्मवेअर (डिस्क थेट दाखवणारं, कार्डातलं सॉफ्टवेअर) आहे का, हे विकत घेण्यापूर्वी विचारा. घरी ते फर्मवेअर बदलताना (फ्लॅश करताना) गडबड झाली तर कार्ड निकामी होऊ शकतं. आणि रेड, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडणं, हा बॅकअप नव्हे.

जुन्या पीसीत दोन आयडीई डिस्क (साटाच्या आधीच्या, रुंद पट्टीच्या केबलच्या) एकाच केबलला लावल्या, एकही दिसत नाही. (मेन रोड)

दोन्ही मास्टरवर असतील. एकीचा जंपर (डिस्कच्या मागची छोटी टोपी) स्लेव्हला, म्हणजे दुय्यमला, लावा. नकाशा बहुतेक डिस्कच्या लेबलवरच छापलेला असतो.